दादांचा व्हिडिओ आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही

मागच्या श्रावणात चार दिवसांनी ऊन पडलं म्हणून मी कपड्यांची बादली घेऊन गच्चीत गेले होते. खाली येताना जिन्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी उभी होती. लग्न होऊन दीड वर्ष झालंय तिचं, फार गोड आहे. एरवी बडबडी, पण त्या दिवशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकू, रागावू नका, पण सांगितल्याशिवाय राहवेना. काल आम्ही नवीन टीव्ही लावला. ह्यांनी रिमोटवर काहीतरी दाबलं आणि तुमच्या घराचं नाव आलं. आत गेलो तर दादांचा व्हिडिओ. आई त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. दोन मिनिटं बघितला आणि मग बंद केला. बघायला नको होता."

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बादली पायरीवर ठेवली एवढं आठवतंय.

दादा म्हणजे माझे सासरे, आई म्हणजे सासूबाई. दादा २०२१ च्या मार्चमध्ये गेले. शेवटचे तीन आठवडे त्यांनी दवाखाना नको म्हणून हट्ट धरला आणि आमच्या मधल्या खोलीतच होते. एका दुपारी त्यांनीच माझ्या नवऱ्याला फोन समोर धरायला सांगितला आणि चाळीस मिनिटं बोलले. कुणाचे किती द्यायचे, विहिरीच्या वाटणीचं काय, आईने कुठे राहायचं, आणि शेवटी माझ्या नणंदेसाठी, ताईंसाठी काही वाक्यं. ती वाक्यं इथे लिहिणार नाही. मध्येच त्यांना कोरड पडते, आईंचा हिरव्या बांगड्यांचा हात चमचा घेऊन पुढे येतो. घरातल्या चार माणसांव्यतिरिक्त हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ताईंनीसुद्धा नाही. "अजून नको, मला झेपेल तेव्हा सांगेन," असं त्या म्हणाल्या होत्या.

आणि तो व्हिडिओ आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, नव्या कोऱ्या त्रेचाळीस इंची पडद्यावर लागला, तो माझ्यामुळे. घरातला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे व्हिडिओ साठवून घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारं मशीन, मी चालवते. त्यावर कुठलं उपकरण काय बघू शकतं, हे ठरवायचं काम माझं होतं आणि मी ते नीट केलेलं नव्हतं. त्यानंतरच्या महिनाभरात जे शिकले ते लिहून ठेवते आहे. घरी असा सर्व्हर चालवणाऱ्या कुणाच्या तरी जिन्यातला तो प्रसंग टळावा, एवढ्यासाठी.

आधी मांडणी सांगते. मी हिशेबाची कामं करते, साताऱ्यातल्या चौदा दुकानांची जीएसटी रिटर्न घरातून भरते. २०२२ मध्ये जुना ऑफिसचा पीसी बदलला, तेव्हा सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचं ते मशीन टाकून देववेना. त्यात ८ जीबी रॅम होती, ४ टीबीची हार्डडिस्क घातली, विंडोजऐवजी डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, त्यावर साठवलेले व्हिडिओ दाखवणारा जेलीफिन हा प्रोग्रॅम. जेलीफिन निवडण्याचं कारण साधं होतं. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमचा कोड पुढे खुला राहिला नाही, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही लोकांनी त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन वेगळं काढलं. त्याला पैसे पडत नाहीत, खातं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडावं लागत नाही, सगळं आपल्या घरात राहतं. 'आपल्या घरात राहतं' या तीन शब्दांवर मी फार विसंबले. घरात म्हणजे नेमकं कुठवर, याचा विचारच केला नाही.

मशीन जिन्याखालच्या कपाटात, इन्व्हर्टरच्या शेजारी असतं. त्यावर लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं आमचं १९९८ चं लग्न आहे, मुलांचे पहिले वाढदिवस, दादांनी आकाशवाणीवरून टेप केलेली कीर्तनं, आम्ही विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि फोनमधले सगळ्यांचे व्हिडिओ. तेव्हा लायब्ररी, म्हणजे व्हिडिओंचे कप्पे, दोनच केल्या होत्या, 'सिनेमे' आणि 'घरचं'. दादांचा व्हिडिओ 'घरचं'मध्ये, सईच्या, म्हणजे शेजारच्या मांजरीच्या, पिल्लांच्या व्हिडिओशेजारी.

आता तो वर पोचला कसा. आईंच्या खोलीत जुना बत्तीस इंची टीव्ही होता. त्यावर जेलीफिनचं ॲप चढत नव्हतं, पण तो डीएलएनए समजायचा. डीएलएनए ही जुनी सोय आहे. सर्व्हर घरच्या नेटवर्कवर हाक मारतो की मी इथे आहे, आणि टीव्ही त्याला आपल्या यादीत एचडीएमआयच्या खाली दाखवतो. रिमोटवरून फोल्डर उघडायचं, फाइल लावायची. मे २०२४ मध्ये आलेल्या १०.९ आवृत्तीत जेलीफिनने ही सोय मूळ प्रोग्रॅममधून काढून वेगळं प्लगइन, म्हणजे हवा तर वरून जोडायचा भाग, केली. मी अपडेट केल्यावर आईंची कीर्तनं बंद पडली, म्हणून ते प्लगइन मुद्दाम शोधून बसवलं. त्याच्या सेटिंगमध्ये एक प्रश्न असतो, की जोडलेल्या उपकरणांना कुठल्या खात्याची लायब्ररी दाखवायची. मी माझं खातं निवडलं. माझं खातं म्हणजे ॲडमिनचं, सगळं दिसणारं.

डीएलएनएला पासवर्ड नसतो, ही गोष्ट मला तेव्हा माहीत असायला हवी होती. तिथे नाव नाही, खातं नाही, विचारपूस नाही. त्या वायफायवर जो कुणी आहे, त्याला दार उघडं. आणि वरच्यांचं इंटरनेट यायला उशीर होत होता म्हणून आमचा वायफाय पासवर्ड मीच त्यांना दिला होता. प्रत्येक खात्याला मी वेगळा पासवर्ड ठेवला होता, मुलाला काय दिसावं यावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि मागचं दार सताड उघडं होतं.

त्याच सकाळी प्लगइन काढून टाकलं. दुपारी राऊटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय चालू केलं. त्यावरच्या उपकरणांना फक्त इंटरनेट मिळतं, घरातली मशिनं दिसत नाहीत, अशी टिक असते, ती केली. वरच्या मुलीला नवा पासवर्ड द्यायला मी स्वतः गेले आणि का बदलला ते सांगितलं. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, माझं दार उघडं राहिलं होतं म्हणून. आईंच्या टीव्हीला एचडीएमआयमध्ये खोचायची अँड्रॉइड टीव्हीची स्टिक आणली. तिच्यावर जेलीफिनचं ॲप चालतं आणि त्यात खातं लागतं. आईंना रिमोटने पासवर्ड टाइप करणं जमणारं नाही, पण क्विक कनेक्ट नावाची सोय आहे. टीव्हीवर सहा आकडे येतात, ते मी माझ्या फोनवर त्यांच्या खात्यातून घातले की टीव्ही आत. आईंनी ते सहा आकडे मला मोठ्याने वाचून दाखवले, लॉटरीचा निकाल वाचावा तसे.

इथवर एका दिवसाचं काम. खरं काम पुढचं होतं, ते म्हणजे प्रत्येक उपकरणाचा हिशेब.

जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या कारभाराच्या पानावर, उपकरणांची यादी असते. मी ती दोन वर्षांत कधी उघडलीच नव्हती. उघडली तर एकतीस नोंदी. घरात टीव्ही दोन, फोन चार, एक टॅब, माझा लॅपटॉप. मग एकतीस कुठून आले? त्यातल्या बऱ्याच नुसत्या 'क्रोम' आणि 'फायरफॉक्स' अशा होत्या. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून एक खूण आपल्याच साठ्यात ठेवतो, आणि तो साठा पुसला की पुढच्या वेळी तोच ब्राउझर नवं उपकरण म्हणून हजर होतो. म्हणजे एकाच माणसाची पाच नावांनी खाती निघावीत तसं. पण सगळ्याच नोंदी अशा निरुपद्रवी नव्हत्या. एका जुन्या फोनची नोंद होती. तो फोन आम्ही दिवाळीत कामाच्या मावशींच्या मुलीला दिला होता. फोटो पुसले, सिम काढलं, पण जेलीफिनचं ॲप माझ्या नवऱ्याच्या खात्यासकट तसंच राहिलं. सुदैवाने आमच्या वायफायबाहेर ते चालत नव्हतं. पण मावशींबरोबर ती मुलगी कधी घरी आली असती तर चाललं असतं.

यादीतलं उपकरण काढून टाकलं की त्याला दिलेला प्रवेशाचा परवाना रद्द होतो, पुन्हा नाव-पासवर्ड विचारला जातो. मी सगळी एकतीस काढली. संध्याकाळी घरात आरडाओरडा झाला, एकेकाला पुन्हा आत घेतलं आणि प्रत्येक उपकरणाला नाव दिलं. तिथे आपल्या मनाचं नाव देता येतं हे फार उपयोगाचं आहे. 'हॉलचा टीव्ही', 'आईंची स्टिक', 'लेकीचा फोन', 'ह्यांचा फोन'. मॉडेल नंबरांच्या यादीत चोर सापडत नाही. 'आईंची स्टिक' म्हटल्यावर ती रात्री अडीचला का चालू होती, हा प्रश्न लगेच पडतो. (झोप येत नव्हती म्हणून कीर्तन लावलं होतं. मी विचारलं तेव्हा कळलं. त्यानंतर आठवडाभर मी रात्री त्यांच्या खोलीत झोपले.)

मग माणसागणिक उपकरणं ठरवायला बसले. प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये 'सर्व उपकरणांवरून प्रवेश' अशी एक टिक असते. ती काढली की खाली यादी उघडते आणि त्यातली हवी तेवढीच उपकरणं निवडायची. मुलगा दहावीत होता, म्हणून त्याच्या खात्याला फक्त हॉलचा टीव्ही दिला, फोन काढला. इथे एक अडचण येते ती आधी सांगते, कारण मी त्यात अर्धा तास घालवला. नवं उपकरण त्या यादीत येतं ते एकदा आत येऊन गेल्यावरच, आणि यादीत नसलं तर ते आत येऊ शकत नाही. त्यामुळे आधी टिक ठेवायची, उपकरण जोडायचं, मग टिक काढून यादीतून निवडायचं. एक गोष्ट आणखी. ॲडमिन खात्याला ही बंधनं लागूच होत नाहीत. म्हणून रोजच्या बघण्यासाठी मी स्वतःला साधं खातं काढलं आणि ॲडमिनचं खातं फक्त लॅपटॉपवर, कामापुरतं. हॉलच्या टीव्हीवर ॲडमिन खात्याने कधीही आत जायचं नाही, कारण टीव्ही कुणा एकाचा नसतो. जो सोफ्यावर बसला आहे तो त्या घटकेला ॲडमिन होतो.

तीन दिवसांनी मुलगा जेवताना म्हणाला, "आई, तू माझा फोन बंद केलास ना? बघ." त्याने फोनवर ब्राउझर उघडला, सर्व्हरचा पत्ता, कोलन, ८०९६ (जेलीफिनच्या दाराचा नंबर) टाकलं. तिथे त्याचं खातं त्या संध्याकाळी पुन्हा आत घेतल्यापासून उघडं होतं आणि सगळं दिसत होतं. मला त्याचा राग आला नाही. लपवून बघत बसला असता तर कळलंही नसतं. ताटावरून उठून मी लॅपटॉप आणला आणि त्या टिकेखालचा बारीक मजकूर वाचला. तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे की हे बंधन निश्चित ओळख पटणाऱ्या उपकरणांनाच लागू होतं, ब्राउझरवरून येणाऱ्याला ते अडवणार नाही. मी दुकानदारांना वर्षानुवर्षं सांगत आले, सही करण्याआधी खालचं बारीक वाचा.

त्या रात्री माझ्या डोक्यात गोष्टींचा क्रम बदलला. उपकरणाची परवानगी ही बाहेरची कडी आहे. ती हवीच, पण किमती वस्तू तिच्या भरवशावर ठेवायची नाही. खरं कुलूप लायब्ररीला. कुठलं खातं कुठली लायब्ररी बघू शकतं, हे बंधन टीव्ही असो, फोन असो, ब्राउझर असो, सगळीकडे पाळलं जातं. म्हणून 'घरचं' फोडलं. वाढदिवस, लग्नं, सहली 'घरचं'मध्ये राहिल्या आणि 'दादांचं' ही वेगळी लायब्ररी झाली, तिच्यात तो एकच व्हिडिओ. मुलाच्या अभ्यासाचं म्हणाल तर उपकरणांऐवजी त्याच्या खात्याला वेळ लावली, रात्री आठ ते दहा. ती ब्राउझरवरही लागू झाली, आणि कुरकुर न करता त्याने ती पाळली.

वयाच्या बंधनाचाही एक अनुभव आहे, तो थोडक्यात. 'प्रमाणपत्र नसलेलं सगळं लपवा' ही टिक मी उत्साहाने केली, आणि मुलाच्या खात्यातून निम्मे मराठी सिनेमे गेले. इंटरनेटवरून जी माहिती आपोआप येते, तिच्यात जुन्या मराठी सिनेमांचं यू किंवा यूए बहुतेक वेळा भरलेलंच नसतं. मी आणि लेकीने दोन रविवार बसून डीव्हीडीच्या वेष्टनांवरून हाताने भरलं. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाने यूएचे ७, १३ आणि १६ असे तीन भाग केले आहेत, त्यामुळे नव्या सिनेमांना ठरवणं सोपं जातं.

आणि मशीनच्या आतली परवानगी. लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतं. हार्डडिस्कवरच्या फोल्डरवर त्या नावाला काय करता येतं ते आपण ठरवायचं. ग्राफिक्सची मदत घेऊन व्हिडिओ हलका करायचा असेल तर त्याला 'रेंडर' गटात घालावं लागतं, ते मी सुरुवातीलाच केलं होतं. दादांच्या फोल्डरवर मात्र आता त्याला फक्त वाचायची मुभा ठेवली, लिहायची-पुसायची नाही. ॲपमध्ये कुणी चुकून 'डिलीट' दाबलं तरी फाइल हलणार नाही. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर, आईंच्या कपाटात, दादांच्या घड्याळाशेजारी.

'दादांचं'ला कुणाकुणाची खाती जोडायची, हे ठरवायला मी बसले आणि थांबले. ते मी का ठरवावं? सर्व्हर माझा असला तरी हात आईंचा आहे, आवाज दादांचा. म्हणून लॅपटॉप घेऊन आईंच्या खोलीत गेले. नावांची यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचली. स्वतःचं नाव, मुलाचं, माझं. नातवंडांच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "लेकीला असू दे. धाकट्याला बारावी होऊ दे." मग मी वरच्या मुलीचं सांगितलं. तिने पाहिलं, ती ओशाळली आहे, हेही. आई थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. "तिने माझा हातच पाहिला ना? पाणी पाजताना. त्यात लाज कसली? पण पुढचं ताईचं आहे. ते ताईच्या आधी कुणी बघायचं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला चहाला बोलावलं आणि दादांची कीर्तनं लावून दाखवली. ती दर एकादशीला आता येते.

त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट सुधारली, ती माझी स्वतःची. ॲडमिनला डॅशबोर्डवर दिसतं, की आत्ता कोण काय बघतंय, कुठल्या उपकरणावर, कितव्या मिनिटाला. पहिल्यांदा ते सोयीचं वाटलं. मग एकदा लेकीला सहज विचारलं, "काल तो सिनेमा अर्ध्यात का सोडलास?" आणि तिचा चेहरा बघितला. अठरा वर्षांच्या मुलीने खोलीचं दार लावून काय बघितलं ते आईने भिंतीतून बघावं तसं झालं ते. आता मी डॅशबोर्ड महिन्याच्या वीस तारखेला, रिटर्न भरून झाली की उघडते. उपकरणांची यादी वाचते, अनोळखी असेल ते काढते, अपडेट घालते आणि बंद करते. घरात सगळ्यांना हे सांगितलेलं आहे.

ताई बंगळुरूला असतात. आमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, बाहेरून थेट येता येत नाही, आणि ते बरंच आहे. राऊटरमध्ये भोक पाडून ८०९६ जगाला उघडं करावं असं मला वाटत नाही. ताईंसाठी टेलस्केल घातलं, म्हणजे दूरच्या उपकरणाला खाजगी वाटेने घरच्या मशीनशी जोडणारी सोय. त्यांच्या टॅबमध्ये त्याचं ॲप, आणि त्यांच्या खात्याला आमच्या घरातलं हे एकच मशीन शेअर केलेलं. घराबाहेरून येण्याची परवानगी जेलीफिनमध्ये खात्यागणिक असते, ती फक्त ताईंच्या खात्याला ठेवली. बाकीच्यांची काढली. गणपतीत त्यांनी लग्नाची कॅसेट पाहिली आणि फोन केला, "माझ्या पोलक्याचा रंग मी विसरले होते गं, मोरपंखी होता."

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "दादांचं ते माझ्या टॅबवर कर. टीव्हीवर नको. टीव्हीवर घरात सगळे असतात." मी विचारलं, कधी करू? म्हणाल्या, "कर तू. मी बघेन माझं मी."

आईंना विचारून मी ॲडमिनने आत गेले. ताईंच्या खात्याला 'दादांचं' जोडलं. सर्व उपकरणांची टिक काढली, यादीतून 'ताईंचा टॅब' तेवढा निवडला. त्यांच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पूर्वीचं एक खातं उघडं होतं, ते उपकरण त्यांना विचारून काढून टाकलं, म्हणजे कुणी चुकून उघडायचं नाही. सेव्ह केलं.

यादीत प्रत्येक उपकरणासमोर ते शेवटचं कधी वापरलं हे दिसतं. आज वीस तारीख नाही. मी उघडून बघितलेलं नाही.